जंगलालगतच्या गावात पर्यटन सुरू करताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात पुन्हा एका गावातून फोन आला. "भाऊ, पाच खोल्या बांधून झाल्या. आता पाहुणे कसे आणायचे ते सांगा." मी विचारलं, ग्रामसभेत कधी ठरलं? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "समितीनं ठरवलं ना." विदर्भातल्या जंगलपट्ट्यात इतकी वर्षं फिरतोय, हे संभाषण मला आता तोंडपाठ झालंय.

समितीलाच गाव समजणे

२००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक जंगल सांभाळायचा हक्क ग्रामसभेच्या हाती आहे, समितीच्या नाही. दावे तपासणारी वनहक्क समिती वेगळी आणि हक्क मिळाल्यावर जंगलाची व्यवस्था पाहणारी समिती वेगळी. संयुक्त वन व्यवस्थापनाची समिती तर तिसरीच, तिचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो. गावात मात्र तिन्हीकडे तीच पाच-सहा माणसं बसतात, त्यामुळे त्यांनाही कळत नाही की आज आपण कुठली टोपी घालून आलोय.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्यांची वही घरोघर फिरवून ही संख्या भरता येते, ते मी पाहिलंय. पण पहिल्या हंगामानंतर पैशाचा प्रश्न निघाला, की तीच सही केलेली बाई उभी राहून म्हणते, "मला कोणी विचारलं होतं?" आणि तिचं बरोबर असतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला लोक सहल काढून जातात आणि 'मावा नाटे मावा राज' (आमच्या गावात आमचंच राज) ही गोंडी घोषणा पाठ करून परततात. त्या गावाला २००९ मध्ये १८०९ हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती आलं, पण त्याआधी किती वर्षं ते नुसते बसून बोलत होते, हे कोणी विचारत नाही. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचं पटलं नाही तर पुन्हा बसायचं. घाईच्या माणसाला हे झेपत नाही, त्याला मार्च अखेरच्या आत निधी खर्च करायचा असतो.

माझी सवय अशी: पहिल्या तीन बैठकांत मी 'पर्यटन' हा शब्दच काढत नाही. जंगलातून काय येतं, कोण आणतं, पैसा कुठे जातो, एवढंच विचारतो.

मोहाच्या दिवसांत बुकिंग घेणे

ही चूक माझ्यासमोर झाली, थोडी माझ्यामुळेही. एप्रिलचा पहिला आठवडा, नागपूरहून तीन गाड्या, चौदा माणसं. बुकिंग घेणाऱ्या पोराने फोनवर 'सकाळी सातला नाश्ता' कबूल केला. पण मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात, ती वेचायला उशीर केला तर गुरं-हरणं आधी पोचतात. चार वाजता टोपल्या घेऊन सगळं गाव जंगलात. सातला पाहुणे उठले तेव्हा गावात होते म्हातारे, लेकरं आणि मी. पोहे मीच केले. कांदा करपला, मीठ शोधायला दोन घरं फिरलो.

तेवढ्यात एक गाडी वळवताना अंगणात वाळत घातलेल्या मोहावरून गेली. यजमान आजी ऊन चढल्यावर परतल्या, चाकाच्या खुणेपाशी उकिडव्या बसल्या आणि चेंदा झालेली फुलं एकेक बाजूला काढू लागल्या. गाडीवाल्याने पाचशेची नोट पुढे केली. आजींनी ती घेतली नाही. "गाडी तिकडं लावा," एवढंच म्हणाल्या.

गंमत अशी की वाघ पाहणाऱ्यांचा हंगामही हाच. पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, शहरातली मंडळी धावतात. मेमध्ये तेंदू, म्हणजे विडीची पानं: सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचे. जुलैत भाताची रोवणी. म्हणून मी आधी भिंतीवर खडूने बारा महिने लिहायला लावतो. ज्या महिन्यात घरच्या बाईला श्वास घ्यायला वेळ नाही, त्या महिन्यावर फुली. 'या दिवसांत आमच्याकडे बंद' असं फोनवर सांगता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर हा धंदा करू नका.

आता बाकीच्या, पटापट.

पाहुण्यांना पनीर देऊ नका, तालुक्याहून शिळं येतं. भात, वरण, रानभाजी, जवसाची चटणी द्या.

सिमेंटच्या खोलीवर टिनाचं छप्पर टाकलं तर विदर्भाच्या मेमध्ये आत माणूस नाही, पापड भाजतो.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखाली पाला पेटवायचा थांबवला नसेल, तर पाहुण्यांना शेकोटी लावू नका म्हणून सांगायचं तोंड आपल्याला नाही. खराट्याने झाडून घ्या. वेळ लागतो, लागू द्या.

किती पाहुणे ते आधीच ठरवा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली, ती गर्दी होऊन गेल्यावर.

नाक्यावर पाहुण्यांकडून घेतलेले पैसे एकाच्या खिशात नकोत. हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचायचा, चहाच्या खर्चासकट.

आणि पर्यटनापासून सुरुवात करू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १००६ हेक्टरांवर हक्क मिळाला. ते गाव उभं राहिलं बांबूच्या कटाईवर आणि विक्रीवर, पाहुण्यांवर नाही. पाहुणा येतो तसा जातो, कधी येतच नाही. ज्यांचं पोट आधीच भरलंय ते पाहुण्याला नाही म्हणू शकतात.

त्या फोनवाल्या गावात परवा जाऊन आलो. ग्रामसभा झाली, चार वेळा झाली. पाचपैकी दोन खोल्यांत सध्या वाळलेला मोह पोत्यांत भरून ठेवलाय. हंगामात पडेल भावाला न विकता भाव चढेपर्यंत थांबायचं ठरलंय. उरलेल्या तीन खोल्यांचं काय, ते पुढच्या बैठकीत.