पैसे लावून फँटसी टीम? आधी हे तपासा

रामबागेतल्या घरी भाच्याने मोबाईल पुढे केला. त्यावर खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून बनवलेली फँटसी टीम, अंगठा 'जॉइन'वरच. "मावशी, फक्त 49 रुपये. कौशल्याचा खेळ आहे हा!"

पूर्वी ही मुभा होती. 1867 च्या जुगार कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा फरकच पुसला. म्हणून एकच बघा: पैसे भरून पैसे जिंकायचे आहेत का? असेल तर बंदी. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण म्हणून पैसे लावू नका रे बाळांनो.

जुन्या अ‍ॅपवर शिल्लक असेल तर स्क्रीनशॉट काढून रक्कम बँकेत वळवा. टेलिग्रामवर आलेली लिंक उघडूच नका. फसलात तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.