मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या पादचाऱ्याने भरपाई कशी मागावी

पुण्यात कर्वे रस्त्यावर किंवा पेठेतल्या गल्लीत मोटारीची धडक बसली, तर ११२ वर कळवावे आणि शक्य झाल्यास गाडीचा क्रमांक लगेच टिपून घ्यावा. त्यावरूनच पुढे मालक आणि विमा कंपनी यांचा शोध लागतो.

पोलिसांकडून एफआयआर आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत मिळवावी. पदपथ हातगाड्यांनी किंवा दुचाकींनी अडवलेला असल्यामुळे आपण रस्त्यावरून चालत होतो, असे असेल (इथे ते नवलाचे नाही), तर त्या जागेची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत. कारण पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा होता, असा बचाव विमा कंपनी बहुधा घेते आणि तो मान्य झाल्यास रक्कम कमी होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील अर्ज शिवाजीनगर न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे, म्हणून उपचार संपण्याची वाट पाहत बसू नये. औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या पावत्या आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडावे. घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाचेही मोल धरले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते.

चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात.