पुराआधी घर सोडताना होणाऱ्या या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या दोन दिवसांत त्याचा उरलेला जोर मराठवाड्यावर पाऊस होऊन कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. बीड, लातूर, धाराशिवच्या नदीकाठच्या गावांतून माणसं बोटींनी, काही ठिकाणी हेलिकॉप्टरनं काढावी लागली. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, त्यामुळं ‘वादळाची बातमी आपल्यासाठी नाही’ असं धरून आपण चालतो. सप्टेंबर अखेरीला धरणं आधीच भरलेली असताना बंगालच्या उपसागरात वादळ तयार झाल्याची बातमी आली, तर नदीकाठच्या घरानं त्याच दिवशी बोचकी बांधायला घ्यावीत.

पुढं लिहिलं आहे ते या घरांसाठीच. पाणी येणार हे बहुतेक वेळा आधी कळलेलं असतं. चुकते ती निघायची वेळ.

उंबरठ्याकडे बघत बसणं

‘अजून ओट्याला लागलं नाही, लागलं की निघू.’ जीव घेणारी सर्वांत मोठी चूक हीच. गावाच्या आधी गावाचा रस्ता बुडतो. आपली कितीतरी गावं मुख्य रस्त्याला जोडलेली आहेत ती ओढ्यावरच्या नळकांडी पुलानं, आणि हे पूल मुळातच बुटके. नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, ते उलटं मागं सरकतं. त्यामुळं समोर नदी अजून पांदीच्या खाली दिसत असते आणि गावाच्या पाठीमागं पूल पाण्याखाली गेलेला असतो. घर कोरडं, पण बाहेर पडायला वाट नाही. मग बोटीची वाट बघायची, आणि बोट तालुक्याहून नाहीतर जिल्ह्याहून यायची असते.

म्हणून निघायची खूण घरावर नको, पुलावर ठेवा. ती उन्हाळ्यातच चारचौघांत ठरवा. नळकांड्या अर्ध्या भरल्या की म्हातारी माणसं, गरोदर बाया, बाळंतिणी, लेकरं आणि डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेले निघतील. नळकांड्या तोंडाशी आल्या की बाकीचे. पुलाच्या कठड्याखाली लाल ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवा, बॅटरीच्या उजेडातही दिसतो. अंधाराचा नियम मात्र या पट्ट्याच्याही वर: संध्याकाळी धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी) वाढणार असल्याचा निरोप आला तर पाणी कितीही खाली असू द्या, दिवस मावळायच्या आत गाव सोडा.

पूल बुडालाच असेल तर ट्रॅक्टर घालू नका. गुडघ्याच्याही खालचं वाहतं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं आणि दोन फूट पाण्यात मोटारगाडी तरंगू लागते. ट्रॉलीत माणसं भरून ‘आपला ट्रॅक्टर जड आहे’ या भरवशावर फरशी पूल ओलांडायला जाणारे पाण्याची खोली बघतात. पाण्याखालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे त्यांना दिसत नसतं.

आभाळ उघडलं म्हणून थांबणं

गोदाकाठी हा हिशेब हमखास फसतो. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणात, येणारं पाणी मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या पावसाचं. त्यामुळं पैठणला लख्ख ऊन असतानाही जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागतात. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला तिथून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडलं गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला ८५ लाख लिटरांच्या आसपास पाणी गोदापात्रात चाललं होतं. पुढं माजलगावच्या हद्दीत सिंदफणा मिळते, नांदेडच्या अलीकडं पूर्णा मिळते. गंगाखेडच्या माणसानं स्वतःच्या अंगणातला पाऊस मोजून काय उपयोग? त्यानं पैठण आणि माजलगावचे आकडे बघायचे. नांदेडकरांनी त्यात येलदरी-सिद्धेश्वरचा आकडाही धरायचा.

आकडा कुठून घ्यायचा, याचीही खबरदारी हवी. ‘धरण फुटलं’ असा मेसेज आणि मागच्या कुठल्यातरी पुराचा व्हिडिओ दरवर्षी फिरतो. मेसेजमध्ये तारीख, वेळ, धरणाचं नाव आणि क्युसेकचा आकडा नसेल तर तो पुढं ढकलू नका. तहसील कार्यालय किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर लावून विचारा.

‘२००६ ला या लिंबापर्यंत आलं होतं, त्याच्यावर येत नसतं,’ हेही खरं धरू नका. तेव्हापासून रस्त्यांचे भराव उंच झाले, ओढे बुजले, पात्रात बांधकामं आली. तेवढंच पाणी आता जास्त उंच चढू शकतं.

‘मागच्या वेळी उगाच नेलं’

शाळेत नेऊन बसवलं, खिचडी खाल्ली, पाणी आलंच नाही, परत आलो. पुढच्या वेळी अशी घरं हलत नाहीत. ओडिशाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला ‘फायलिन’ आलं तेव्हा किनाऱ्यावरचे जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्या लाखोंमधल्या कित्येकांच्या घरात पाणी शिरलंही नसेल, तरी ते निघाले.

पाण्याची मोटार काढायला नदीवर जाणं

याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण यात घरातला कर्ता माणूस जातो. पाणी वाढतंय म्हटलं की तरणी पोरं आधी नदीकडे पळतात. काठावर मोटार, स्टार्टरची पेटी, केबल, पाइप, सगळं मिळून मोठी रक्कम. पण मोटारीचे नटबोल्ट गंजलेले असतात, पाना घसरतो, वेळ जातो. पायाखालचा काठ काळ्या मातीचा. पाण्यानं आतून खाल्लेला असतो तरी वरून साबूत दिसतो आणि एकदम ढासळतो. त्यात डीपी (विजेची पेटी) चालू असेल तर ओली केबल हातात घेणं म्हणजे उघडाच धोका.

जमलं तर मृगाआधीच मोटार वर घ्या. तेव्हा राहून गेलं असेल तर ‘विसर्ग वाढण्याची शक्यता’ एवढी पहिली बातमी आली की दिवसाउजेडी, डीपी बंद करून, तिघंचौघं मिळून वर ओढा. पाणी मोटारीच्या पायाला लागलं असेल तर सोडून द्या. घरातल्या बायांनी हे आधीच निक्षून सांगून ठेवावं, कारण त्या घाईत कोणी ऐकत नाही.

ढोरांचा विचार शेवटी करणं

‘आबा, चला की आता.’
‘तुम्ही व्हा म्होरं, म्या ढोरापाशी थांबतो.’

ही दोन वाक्यं झाली की निम्मं कुटुंब अडकतं. आबांना समजावण्यात तास घालवू नका. ढोरं आधी काढा. माणसांच्या आधी, उजेडात, पायी, गावाजवळच्या उंच माळावर किंवा गायरानावर. सोबत एक जाणता माणूस आणि दोन दिवसांचा कडबा द्या. दावणी रिकाम्या झाल्या की आबांना थांबायला कारण उरत नाही.

तेवढा वेळच नसेल तर निदान दावी सोडा. नुसतं खुंट्याहून सोडून भागत नाही. लोंबता कासरा बाभळीत अडकतो आणि जनावर तिथंच बुडतं, तेव्हा कासराही काढा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवा. मोकळं जनावर पोहून उंचावर जाऊ शकतं. निघण्याआधी प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर दिसेल असा फोटो काढा. पुढं ओळख पटवायला आणि मदत मागायला तो लागतो.

माळवदावर चढून बसणं

सिमेंटचं घर आणि पांढऱ्या मातीचं माळवदाचं घर यांत पुराच्या वेळी जमीनअस्मानाचा फरक आहे. मातीच्या भिंतीचा पाया पाण्यात भिजला की तो खालून सुटतो, वरचं ओझं तसंच राहतं आणि सगळं एकदम बसतं. माळवदाचं घर असेल तर वर आसरा शोधू नका. संततधार पावसात तर पूर नसतानाही शेजारच्या पक्क्या घरात झोपायला जा. ज्या शाळेत जायचं ठरलं आहे ती स्वतः ओढ्याच्या काठाला नाही ना, हेही आधी बघून या.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. सातबारा पुन्हा निघतो, रेशनकार्डही मिळतं. मूळ मार्कशीट, पासबुक, रोजच्या गोळ्या, चार्ज केलेला फोन, बॅटरी, पाणी आणि दशम्या-धपाटे एका पिशवीत घ्या. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, आणि चला.

परत आल्यावर लगेच झाडलोट करणं

गाळ बघवत नाही, हात आपोआप खराट्याकडे जातो. पण आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत यांचे फोटो काढा, मग साफसफाई. मेलेलं जनावर पशुवैद्यकीय डॉक्टर आणि तलाठ्यांना कळवल्याशिवाय पुरू नका. नाहीतर पंचनाम्यात ते धरलं जात नाही. वायरमननं बघेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. रचलेली लाकडं, कडब्याची गंज, भिजलेलं अंथरूण हातानं उचलण्याआधी काठीनं हलवा, पुरानंतर घोणस आणि मण्यार अशाच जागी दडतात. चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ लावा. विहिरीचं किंवा हातपंपाचं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून आरोग्य कर्मचाऱ्यांनी ‘चालेल’ म्हणेपर्यंत पिऊ नका; तोवर उकळून गार केलेलं पाणी लेकरांना द्या, आणि आशाताईंकडून पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली मागून घ्या.