कादंबरीतली प्रतीकं कुठे फसतात? या चुका टाळा

'मी कोण' आणि 'मला दिसतं ते खरं का' या प्रश्नांभोवती फिरणाऱ्या कादंबरीत आरसा, चष्मा, जुना फोटो हमखास येतात. येऊ द्यावेत. वस्तू नीट न बघताच तिला अर्थ चिकटवला की गडबड होते.

चष्म्याचंच घ्या. विल्यम गोल्डिंग यांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये (१९५४) निर्जन बेटावर अडकलेली मुलं त्यांच्यातल्याच पिगीच्या चष्म्याने आग पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे नंबर उणे. आणि उणे भिंगाने ऊन एकवटत नाही, फाकतं. गोल्डिंगना खपून गेलं, आपल्याला खपेलच असं नाही. तुमच्या नायिकेचा नंबर उणे ३ असेल, तर चष्म्याविना तिला साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसेल. हातातलं पत्र ती वाचेल, समोरच्या ओट्यावरचा सख्खा भाऊ ओळखणार नाही. 'सगळं धूसर झालं' यापेक्षा हे कितीतरी कामाचं.

आरशात उजवा भांग उजवीकडेच दिसतो, फोटोत तो डावीकडे जातो. स्वतःचा फोटो परका वाटतो तो बराचसा यामुळे. जुन्या आरशाचा पारा बहुधा कडेने, ओल शिरते तिथून उडतो. डाग नेमका चेहऱ्यावर हवा असेल तर मागे ओरखडा कशाने पडला ते ठरवून ठेवा.

दुसरी चूक तयार प्रतीकांची. बडोद्यातलं मराठी घर म्हटलं की पैठणी आणि तुळशीवृंदावन! त्यापेक्षा दारावरची पाटी बघा. दांडिया बाजारच्या जुन्या घरावर आडनाव देवनागरीत, नातवाच्या फ्लॅटवर तेच गुजराती लिपीत, म्हणजे शिरोरेषेविना. आजीने खडूने वर रेघ ओढली, एवढंच लिहा आणि लगेच दुधाचा हिशोब सुरू करा. तिथे निवेदक 'जणू मुळंच तुटली होती' म्हणाला, तर ते वाक्य बिनदिक्कत खोडा.

वस्तू फार वेळा येतेय असं वाटलं तर कागदावर चार रकाने आखा: प्रकरण, वस्तू कुणाकडे, कोणत्या अवस्थेत, तिच्यामुळे काय घडलं. लागोपाठ दोन ओळी सारख्या निघाल्या तर दुसरा प्रसंग काढा. शेवटचा रकाना सगळीकडे रिकामाच राहिला, तर ती वस्तू नुसती सजावट आहे. मग एकदाच ठेवा, तीही ओझरती.