सोयाबीनचं पान ढगाखाली किती लवकर सावरतं: मोजायची रीत

माळव्यात सोयाबीन फुलावर येतं ते श्रावणाच्या आसपास, नेमकं ऊन आणि ढग आलटून पालटून येत असताना. कडक उन्हात पान जास्तीची प्रकाशऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतं. या संरक्षणाला एनपीक्यू म्हणतात. ढग आल्यावर ते लगेच थांबत नाही, आणि तोवर कामाचा प्रकाशही वाया जातो. व्हीडीई आणि पीएसबीएस हे संरक्षण चालू करतात, झेडईपी ते बंद करतं; या तीन जनुकांचं काम वाढवून ते लवकर थांबवता येतं. इलिनॉयमधल्या चमूने 2016 मध्ये तंबाखूवर आणि 2022 मध्ये सोयाबीनवर हे दाखवलं. सोयाबीनच्या पहिल्या चाचणीत काही लाइनचं (जनुक घातलेल्या एकेका रोपाच्या वंशाचं) उत्पादन 33 टक्क्यांपर्यंत वाढलं. पुढच्या वर्षी पीक आडवं पडलं आणि फायदा दिसला नाही. हीच जनुकं अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात घातल्यावर वाढ सुधारली नव्हती. म्हणून दाणे तोलण्याआधी पान तपासा.

तुलनेसाठी नुसता मूळ वाण पुरत नाही. त्याच लाइनमधली, पण जनुक न आलेली भावंडं घ्या. नाहीतर ऊतिसंवर्धनात झालेला बदल जनुकाच्या खात्यावर जमा होतो. वरून तिसरं, पूर्ण उघडलेलं त्रिदल निवडा. पिवळा मोझॅक किंवा किडीचा डाग असलेलं पान नको. पानाच्या चकत्या ओल्या टिपकागदावर ठेवा, सुकू देऊ नका.

क्लोरोफिल फ्लुरोमीटरखाली (पानातल्या हरितद्रव्याची चमक मोजणारं यंत्र) आधी 30 मिनिटं पूर्ण अंधार. मग एफव्ही/एफएम, म्हणजे पानाची प्रकाश वापरण्याची कमाल क्षमता, बघा: निरोगी पानात ते 0.8 च्या वर असतं. 0.75 च्या खाली असेल तर पान आधीच थकलेलं आहे, ते बाजूला काढा. नंतर 10 मिनिटं 2000 मायक्रोमोल प्रकाश (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला), आणि मग 10 मिनिटं 200. प्रकाश उतरवल्यावर पहिल्या दोन मिनिटांत दर 30 सेकंदांनी, पुढे दर मिनिटाला तीव्र प्रकाशाचा एक क्षणिक झोत द्या. झोतात दिसणारी सर्वाधिक चमक म्हणजे एफएम. एनपीक्यू काढायचं सूत्र: अंधारातलं एफएम वजा प्रकाशातलं एफएम, भागिले प्रकाशातलं एफएम.

घोळ बहुधा झोतात होतो. तो कमी पडला तर प्रकाशातलं एफएम कमी दिसतं आणि एनपीक्यू फुगतं. झोताची तीव्रता वाढवत न्या. एफएम वाढायचं थांबलं की तेवढी पुरेशी. दुसरी चूक एसीची. झेडईपी हे विकर आहे, थंडीत मंदावतं. एक तुकडी 18 अंशांवर आणि दुसरी 28 वर मोजली तर फरक जनुकाचा की खोलीचा, हे कळणारच नाही. सगळं 25 ते 28 अंशांत ठेवा.

वेळेनुसार एनपीक्यूचा आलेख वाचताना उतार आणि उंची वेगळे बघा. प्रकाश उतरवल्यावर आलेख वेगाने खाली येतो आणि शिखर भावंडांइतकंच आहे, तर लाइन पुढे न्या. शिखरच खचलं असेल तर झेडईपी जास्त आणि व्हीडीई किंवा पीएसबीएस कमी पडल्याची शंका घ्या, क्यूपीसीआरने (जनुक किती व्यक्त होतंय ते मोजणारी चाचणी) तिन्हींचं प्रमाण तपासा. अशी लाइन ढगाखाली चांगली दिसते, पण भर उन्हात एफव्ही/एफएम घसरतं. उंची आणि उतार दोन्ही बदलले नसतील, तर आधी जनुक पानात प्रत्यक्ष व्यक्त होतंय का ते बघा.

हे सगळं बंदिस्त हरितगृहातलं काम आहे. जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही, आणि शेतातल्या चाचणीला नियामक समित्यांची मंजुरी लागते. ती मिळालीच तर नत्र आणि रोपांची दाटी बेताने ठेवा. आडवं पडलेलं पीक या मोजमापाला काहीच सांगू देत नाही.