शेतातून नदीत उतरणाऱ्या नत्र-स्फुरदाचा माग कसा काढावा

शेतात घातलेल्या खतातील जो नत्र (नायट्रोजन) आणि जो स्फुरद (फॉस्फरस) पिकाच्या उपयोगी पडत नाही, त्याचा काही भाग जमिनीत साठतो आणि काही पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांतून नदीत उतरतो. तेथे तो शेवाळाचे खाद्य होतो. शेवाळ माजते, मरते आणि कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवते. डोळ्यांना हा शेवटचा टप्पाच दिसत असल्यामुळे त्यापूर्वीचा सगळा माग मोजमापानेच काढावा लागतो. महिन्यातून एकदा पुलावरून बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली की काम झाले, अशी समजूत अनेकदा आढळते. परंतु त्या एका आकड्यावरून किती नत्र वाहून गेला, कोठून आला आणि केव्हा आला, यांपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही.

म्हणून बाटली हातात घेण्यापूर्वी प्रश्न ठरवावा. पाणी पिण्यास योग्य आहे का, एवढेच पाहायचे असेल तर दर लिटरमधील प्रमाण पुरते. खालच्या जलाशयात वर्षाकाठी किती स्फुरद जातो, हे हवे असेल तर नदीचा विसर्गही, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते तेही, मोजावे लागते. आणि प्रदूषण कोणत्या ओढ्यातून येते, हे शोधायचे असेल तर एकाच ठिकाणी वारंवार जाण्यापेक्षा एकाच दिवशी अनेक ठिकाणी जाणे अधिक उपयोगाचे ठरते.

नत्र आणि स्फुरद यांची वाट वेगळी आहे आणि सगळे नियोजन या फरकावरच उभे राहते. नायट्रेट, म्हणजे नत्र आणि ऑक्सिजन यांचे संयुग, पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही. त्यामुळे ते पाझरून भूजलात किंवा जमिनीखालच्या निचरा-नळ्यांत जाते आणि पाऊस थांबल्यानंतरही नदीत येत राहते. स्फुरद मात्र मातीच्या कणांना घट्ट धरून बसतो आणि बहुतांशी जोरदार पावसात धुपणाऱ्या गाळाबरोबर वाहतो. वर्षभरातील स्फुरदाचा मोठा हिस्सा मोजक्या पुरांतच निघून जाऊ शकतो, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेतलेल्या नमुन्यांत नेमके तेच पूर निसटतात. असे असले तरी विरघळलेल्या स्फुरदाकडे दुर्लक्ष करू नये. प्रमाण कमी असले तरी शेवाळाला तो लगेच वापरता येतो, आणि ज्या जमिनीत वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त स्फुरद घातला गेला आहे तेथून तो गाळाविनाही झिरपतो.

तपासणीत नायट्रेट, अमोनिया, एकूण नत्र, विरघळलेले फॉस्फेट (स्फुरद आणि ऑक्सिजन यांचे संयुग) आणि एकूण स्फुरद हे घटक असावेत. त्यांच्या जोडीला गढूळपणा, विद्युत वाहकता, सामू (पीएच), तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावेत. अहवाल हाती आला की सर्वप्रथम एकक पाहावे. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेटचे वजन देतात, तर काही त्यातील फक्त नत्राचे. नत्र म्हणून मोजलेले लिटरमागे १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेट म्हणून सुमारे ४४ मिलिग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची ५० मिलिग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा नायट्रेटच्या वजनावर आहे. हा भेद नजरेआड झाला तर धोक्याचे पाणी सुरक्षित ठरते.

नमुन्याची जागा मुख्य प्रवाहात, काठापासून दूर निवडावी. संगमाच्या लगेच खाली दोन पाणी मिसळलेले नसतात, म्हणून ती जागा टाळावी. बाटलीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूस ठेवावे आणि तळाचा गाळ ढवळला जाऊ देऊ नये. फॉस्फेटच्या बाटल्या फॉस्फेटयुक्त साबणाने कधीही धुऊ नयेत. त्या सौम्य आम्लाने आणि नंतर शुद्ध पाण्याने खंगाळाव्यात. विरघळलेले घटक मोजायचे असतील तर पाणी नदीकाठीच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावे, कारण बाटलीतील सूक्ष्मजीव आणि गाळ वाटेतच आकडे बदलू लागतात. नमुने अंधारात, सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवून विरघळलेल्या फॉस्फेटची तपासणी ४८ तासांच्या आत करावी. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली याच सर्व क्रियांतून न्यावी आणि एखाद्या ठिकाणी दुहेरी नमुना घ्यावा. त्याशिवाय छोट्या फरकांवर विश्वास ठेवता येत नाही.

विसर्गासाठी नदीच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग लागतो. वेगमापक नसेल तर सरळ पात्रात ठरावीक अंतर मोजून तरंगणारी वस्तू सोडावी आणि लागलेल्या वेळेवरून पृष्ठभागाचा वेग काढावा. सरासरी वेग त्याच्या साधारण ०.८५ पट धरतात. निरनिराळ्या पाणीपातळ्यांना अशी मापे घेतली की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, आणि पुढे केवळ मोजपट्टी वाचून विसर्ग सांगता येतो. मोठ्या पुरात मात्र पाण्यात उतरू नये. मापे पुलावरूनच घ्यावीत.

प्रमाण आणि विसर्ग यांचा गुणाकार म्हणजे भार. लिटरमागे ४ मिलिग्रॅम नत्र असलेल्या नदीतून सेकंदाला १२.५ घनमीटर पाणी वाहत असेल तर दिवसाला ४,३२० किलो नत्र जातो. पुरात प्रमाण ३ मिलिग्रॅमवर उतरले आणि विसर्ग ८० घनमीटरवर गेला, तर हाच भार २०,७३६ किलो होतो. केवळ प्रमाण पाहणारा मनुष्य पाणी सुधारले असे लिहील, आणि तो पूर्ण चुकलेला असेल. म्हणून पूर चढत असताना, माथ्यावर असताना आणि ओसरताना असे तिन्ही वेळा नमुने घ्यावेत. स्फुरद आणि गाळ पुष्कळदा चढत्या पाण्यातच सर्वाधिक असतात. सतत नोंद करणारा गढूळपणा-मापक बसवता आला तर प्रत्यक्ष नमुन्यांशी त्याचा मेळ घालून मधल्या काळातील स्फुरदाचा अंदाज बांधता येतो.

उगमाचा पहिला सुगावा याच नोंदींत असतो. विसर्ग वाढताना प्रमाण घटत असेल तर सांडपाण्याच्या नळासारखा कायम वाहणारा स्रोत किंवा भूजल यांचा संशय घ्यावा. दोन्ही एकत्र वाढत असतील तर पावसाने धुतली जाणारी जमीन कारणीभूत असण्याची शक्यता जास्त. त्यानंतर कोरड्या दिवसांत, पाणी स्थिर असताना, मुख्य नदीवर आणि प्रत्येक उपनदीच्या मुखाशी एकाच दिवशी भार मोजावा आणि वरच्या बाजूचा जमाखर्च खालच्या मापाशी जुळतो का, ते पाहावे. जेथे जुळत नाही त्या टप्प्यात काठाने चालत जाऊन पाहावे.

शेतकऱ्यावर बोट ठेवण्यापूर्वी मैलापाणी आणि गोठ्यांचा निचरा वेगळा काढणे हे न्यायाचेही काम आहे. नायट्रेटमधील नत्राच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंची, येथे मदत होते. रासायनिक खतातील नत्र-१५ या जड समस्थानिकाचे गुणोत्तर जवळपास हवेतल्यासारखेच असते, तर शेणखत व मैलापाण्यात ते वाढलेले आढळते, कारण अमोनिया उडून जाताना हलका नत्र आधी निघून जातो. परंतु ओल्या, ऑक्सिजनविरहित मातीत नायट्रेटचे वायूत रूपांतर होतानाही हे गुणोत्तर वाढते. म्हणून ऑक्सिजनचे समस्थानिकही सोबत तपासावेत आणि एकट्या या चाचणीवर दोष ठरवू नये.

खतांचा वापर कमी केल्यावर लगेच पुढच्या वर्षी आकडे उतरावेत, ही अपेक्षा ठेवू नये. भूजलातून येणारे नायट्रेट कित्येक वर्षांपूर्वी, कधी दशकांपूर्वी पाझरलेले असू शकते. शिवाय ओल्या वर्षाची कोरड्या वर्षाशी सरळ तुलना केल्यास हवामानाचा फरक शेतीचा फरक वाटू लागतो. त्यासाठी कल काढताना विसर्ग आणि ऋतू यांचा परिणाम आधी वजा करावा. अनेक वर्षांच्या मोजणीत प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलावी लागलीच, तर काही काळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी तेच नमुने तपासून त्यांतील फरक नोंदवहीत लिहून ठेवावा.