फ्रीलान्स मेकअप आर्टिस्टसाठी स्वच्छता आणि सुरक्षितता: किट, जागा, नोंदी

स्वतःच्या जोरावर काम करणाऱ्या मेकअप आर्टिस्टच्या डोक्यावर कोणी सुपरवायझर नसतो. किट कोणी तपासत नाही, ब्रश धुतले का हे कोणी विचारत नाही. पण क्लायंटचा डोळा सुजला की जाब तुम्हालाच द्यावा लागतो, आणि तेव्हा "मी नेहमी काळजी घेते" या वाक्याला फारशी किंमत नसते. काय केलं, कधी केलं आणि कुठे लिहून ठेवलं, एवढंच विचारलं जातं.

सुरुवात कागदापासून करा, कारण ते काम एकदाच नीट बसून करायचं असतं. परवाना, नोंदणी आणि तपासणीचे नियम जागेप्रमाणे बदलतात, म्हणून स्थानिक आरोग्य आणि व्यवसाय नोंदणी कार्यालयात तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. फक्त मेकअप करणाऱ्याला परवाना लागतो का? कृत्रिम पापण्या चिकटवणं, वॅक्सिंग, भुवयांवर ब्लेड फिरवणं अशा सेवा जोडल्या तर नियम बदलतात का? आणि काम घरी, क्लायंटकडे किंवा सलोनमधल्या भाड्याच्या खुर्चीवर केल्याने फरक पडतो का? त्वचेला छेद जाणाऱ्या किंवा रक्त येऊ शकणाऱ्या सेवांना सहसा कडक नियम असतात. विमा घेताना तुम्ही देता ती प्रत्येक सेवा पॉलिसीत नावानिशी लिहिली आहे का ते पाहा. "ब्यूटी सर्व्हिसेस" एवढ्या मोघम शब्दावर विसंबू नका. पॅच टेस्ट (आधी त्वचेवर ठिपका लावून ॲलर्जी तपासणं) न केल्यास दावा फेटाळण्याची अटही बऱ्याचदा बारीक अक्षरात असते.

धोक्यांची नोंद एका पानात बसते. पाच रकाने आखा: धोका काय, कोणाला, आत्ता काय खबरदारी घेतो, आणखी काय हवं, पुन्हा तपासण्याची तारीख. जागा किंवा सेवा बदलली की पान पुन्हा लिहा.

स्पर्श एकाच दिशेने जायला हवा

या कामातले बहुतेक संसर्ग एकाच चुकीतून होतात: चेहऱ्याला लागलेली वस्तू पुन्हा डबीत जाते. दिवसाच्या शेवटी ब्रश कितीही घासले तरी ती चूक भरून निघत नाही, कारण जंतू ब्रशवरून केव्हाच क्रीमच्या डबीत पोहोचलेले असतात आणि डबी धुता येत नाही. म्हणून नियम असा: डबीतून पॅलेटवर, पॅलेटवरून चेहऱ्यावर. उलटा प्रवास नाही.

क्रीम, फाउंडेशन, कन्सीलर, लिपस्टिक हे सगळं स्वच्छ स्पॅच्युलाने (चपट्या पट्टीने) खरवडून स्टीलच्या पॅलेटवर घ्या. कमी पडलं तर पॅलेटला टेकलेला स्पॅच्युला परत डबीत घालू नका, दुसरा घ्या. पंपाची बाटली असेल तर तिचं तोंड ब्रशला टेकू देऊ नका. मस्कारासाठी डिस्पोजेबल वाँड (एकदाच वापरून फेकायचा छोटा ब्रश) वापरा आणि प्रत्येक बुडवणीला नवी घ्या. दोन डोळ्यांना, दोन-दोन थर दिले तर चार वाँड जातात, आणि त्या जाऊ द्याव्यात. ट्यूबमधला मूळ ब्रश कापून टाकला तर घाईत तो वापरण्याचा मोहही उरत नाही. जेल लायनर पॅलेटवर घ्या. पेन्सिलला आधी टोक काढून, मग त्या टोकाला ७० टक्के अल्कोहोल लावून, सुकल्यावर वापरा. शार्पनरही पुसायचा असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

प्रेस्ड पावडर थोडी वेगळी. कोरड्या पावडरमध्ये जंतू वाढायला पाणी नसतं, त्यामुळे धोका कमी असतो, पण शून्य नसतो. टिश्यूने वरचा थर खरवडून टाका. वरून अल्कोहोल फवारल्याने फक्त पृष्ठभाग थोडा स्वच्छ होतो, आतपर्यंत ते पोहोचत नाही. क्रीमच्या बाबतीत फवारणीचा उपयोग जवळजवळ नाहीच. लूज पावडर झाकणात काढून घ्या, उरलेली डबीत परत ओतू नका.

ब्रशवरची जादा पावडर फुंकर मारून उडवणं, हातातला ब्रश दातात धरणं, आटलेल्या लायनरमध्ये पाणी घालणं या तीन सवयी सोडायच्या. तिसरी सर्वांत घातक आहे: पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि ओलसर उत्पादनात स्यूडोमोनाससारखा जंतू वाढू शकतो. बुबुळाला ओरखडा असेल तर हा जंतू तिथे गंभीर अल्सर करू शकतो.

आधी धुणं, मग निर्जंतुक करणं

तेल, मेण आणि पिगमेंट चिकटलेलं असताना जंतुनाशक आतपर्यंत जात नाही. म्हणून दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलत नाही.

कोमट पाण्यात केस खाली करून ब्रश भिजवा. पाणी केस आणि दांडा जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या आत शिरलं तर गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. सौम्य शाम्पू किंवा ब्रश क्लीन्सर लावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. टिश्यूने दाबून पाणी काढा आणि आडवा किंवा केस खाली लटकवून सुकवा. उभा करून सुकवला की पाणी परत पट्टीत उतरतं. जाड पावडर ब्रश पूर्ण सुकायला रात्रभर लागतो, दमट हवेत त्याहून जास्त. म्हणून दिवसाला जितके क्लायंट, तितके ब्रश संच ठेवावेत, किंवा कमीत कमी डोळे आणि ओठांचे ब्रश तरी तितके. ओला ब्रश बंद पिशवीत ठेवला तर सगळी मेहनत वाया जाते.

दोन क्लायंटच्या मधे झटपट क्लीनर फवारून पुसणं ही तात्पुरती सोय आहे, धुण्याला पर्याय नाही.

चिमटा, कात्री, लॅश कर्लर आणि स्टीलच्या पॅलेटसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ९९ टक्के जास्त जोरदार असेल हा समज चुकीचा आहे. प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल असेल तर ७१ मिली मोजून डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलीपर्यंत भरा आणि बाटलीवर नाव, प्रमाण, तारीख लिहा. पृष्ठभाग ओला राहील इतकं लावा आणि आपोआप सुकू द्या. लगेच पुसलं तर जंतुनाशकाला वेळच मिळत नाही. बुडवून ठेवायचं द्रावण वापरत असाल तर लेबलवरची मिनिटं पाळा. बऱ्याच उत्पादनांवर ती १० असतात. द्रावण गढूळ झालं की लगेच, नाहीतर रोज बदला. कर्लरची रबरी पट्टी पापण्यांना थेट लागते, तीही पुसा आणि चिरली की बदला.

स्पंज निर्जंतुक होत नाही, एका चेहऱ्याला एक. पावडर पफ धुता येत असेल तरच पुन्हा वापरा. भुवयांचं ब्लेड एकदाच वापरायचं आणि कडक डब्यात टाकायचं. यूव्ही बॉक्सबद्दल (अतिनील किरणांच्या पेटीबद्दल) एक मत: आकर्षक दिसतो, पण किरण जिथे पडतात तिथेच परिणाम होतो आणि केसांच्या आत सावलीच असते. स्वच्छ वस्तू ठेवायला ठीक.

आणि हात. साबणाने किमान २० सेकंद, क्लायंटच्या समोर. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर, पूर्ण सुकेपर्यंत चोळून. मधे फोन उचलला तर पुन्हा.

मुदत

उत्पादनावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात १२एम (12M) लिहिलं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. उघडल्याची तारीख लेबलवर लिहिली नसेल तर या आकड्याचा उपयोग शून्य. मस्कारा तीन महिने, लिक्विड लायनर तीन ते सहा महिने, वास किंवा पोत बदलला तर तारीख न बघता कचऱ्यात. उत्पादनं छोट्या डब्यांत भरून नेत असाल तर मूळ नाव, शेड, बॅच नंबर आणि तारीख नव्या डबीवर आलीच पाहिजे. रिअ‍ॅक्शन आली तर डॉक्टर पहिल्यांदा घटकांची यादी मागतात, आणि ती मूळ खोक्यावर राहिलेली असते.

ॲलर्जी आणि नकार

पॅच टेस्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे ती लॅश ग्लूसाठी, म्हणजे कृत्रिम पापण्यांच्या गोंदासाठी. अनेक ग्लूमध्ये लॅटेक्स (रबराचा चीक) असतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावा, ४८ तास थांबा, तारीख आणि निकाल लिहा. लॅटेक्सची खरी ॲलर्जी काही मिनिटांतही दिसू शकते, तर संपर्कातून होणारा त्वचादाह २४ ते ७२ तासांनी उमटतो. म्हणून "लगेच काही झालं नाही" हा निकाल नसतो. लॅटेक्सची ॲलर्जी माहीत असेल तर टेस्टही करू नका, लॅटेक्समुक्त ग्लू वापरा. टेस्ट स्वच्छ आली तरी ती हमी नाही, हे क्लायंटला आधीच सांगा.

डोळ्यांजवळ हस्तकलेची चमकी वापरू नका. तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडे पडतात. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप काढण्याआधी काढायची.

ओठावर नागीण, डोळे येणं, पू झालेल्या पुळ्या, अंगावरचा नायटा, उघडी जखम दिसली तर त्या भागावर काम करायचं नाही. डोळे आले असतील तर डोळ्यांचा मेकअप पूर्ण टाळा. नागिणीवरून फिरलेली लिपस्टिक कोणाच्याही कामाची राहत नाही. नकार देणं अवघड जातं, म्हणून ही अट बुकिंगच्या वेळीच लेखी द्या, तारीख बदलण्याची सोय ठेवा. क्लायंट मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल तर त्वचा कोरडी आणि नाजूक असते. वॅक्सिंग नाही, एक्सफोलिएशन (मृत त्वचा घासून काढणं) नाही, टेप लावणंही जपून.

वीज, आग, हवा, पाठ

अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावर पसरते आणि खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. कर्लिंग आयर्न गरम असताना, मेणबत्ती जवळ असताना ब्रश क्लीनर फवारू नका. हेअर स्प्रेचंही तेच. एरोसोलचे डबे ५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान तिथवर सहज जाऊ शकतं.

एक्स्टेन्शनवर काय चालेल याचा हिशेब सोपा आहे: वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १८०० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर ओढतो. त्याच बोर्डवर आयर्न आणि लाइट लावले की वायर गरम होते, आणि गुंडाळलेल्या रीलमध्ये उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. रील पूर्ण उलगडा. सोललेली किंवा टेप लावलेली वायर कामावर न्यायची नाही. जमिनीवरून गेलेली वायर भिंतीच्या कडेने टेपने चिकटवा, कारण क्लायंट पायात पाहत नाही.

एअरब्रशचं (हवेच्या दाबाने मेकअप फवारणाऱ्या उपकरणाचं) धुकं आणि पावडरची धूळ सर्वांत जास्त तुमच्याच फुप्फुसात जाते, कारण क्लायंट एकदा बसतो, तुम्ही रोज. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, एअरब्रशचा दाब कमी ठेवा, आणि डोळे-नाकाजवळ फवारताना क्लायंटला डोळे मिटून श्वास रोखायला सांगा.

खुर्चीची उंची अशी हवी की क्लायंटचा चेहरा तुमच्या छातीच्या वरच्या भागाशी येईल आणि कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. घरातली साधी खुर्ची खूप खाली पडते आणि चौथ्या चेहऱ्यापर्यंत कंबर धरते. उंच घडीची खुर्ची बाळगणं ही चैन नव्हे.

काहीतरी बिघडलं तर

डोळ्यात काही गेलं तर लेन्स काढून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे पाठवा. किटमध्ये निर्जंतुक सलाइनची बाटली असू द्या, तिचीही मुदत तपासा. ग्लूने पापण्या चिकटल्या तर ओढू नका. ओठ, जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, भोवळ आली तर वाट न बघता आपत्कालीन सेवेला फोन. चेहरा पुसत बसण्यात वेळ घालवू नका.

प्रत्येक क्लायंटच्या कार्डावर तारीख, माहीत असलेल्या ॲलर्जी, चालू औषधं, पॅच टेस्टचा दिवस आणि निकाल, वापरलेली उत्पादनं बॅच नंबरसह, आणि सही. रिअ‍ॅक्शन आल्यास वेळ, लक्षणं, तुम्ही काय केलं आणि फोटो (परवानगी घेऊन). उत्पादन वेगळं काढून ठेवा, फेकू नका, आणि उत्पादकाला कळवा. "माझी चूक" किंवा "तुमचीच त्वचा तशी" यांपैकी काहीही तिथे लिहू नका, जे दिसलं तेवढंच. ही माहिती आरोग्याची आहे, त्यामुळे कार्ड कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवा. मेकअपच्या फोटोंसाठी परवानगीचा कागद वेगळा घ्या. नोंदी किती वर्षं जपायच्या हे विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर त्याच फाइलमध्ये ठेवा.